दिनविशेष : १९ मार्च – फकीरचंद कोहली यांचा जन्म (१९२४)

तळेगाव दाभाडे : भारतीय आयटी उद्योगाचे जनक फकीरचंद कोहली यांचा जन्म १९ मार्च १९२४ रोजी पेशावर येथे झाला. लाहोर, कॅनडातील क्वीन्स विद्यापीठ व अमेरिकेतील एमआयटी येथे शिक्षण घेऊन १९५१ मध्ये ते टाटांच्या वीज कंपनीत रुजू झाले. आपल्या मावळातील वळवण, शिरवते आणि ठोकरवाडी या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोली व भिवपुरी येथे वीज निर्माण करते; मुंबईला उजळणारी ती हीच कंपनी. जलविद्युत आणि औष्णिक केंद्रांचा मेळ घालताना सगळी यंत्रणा एकसंध पाहण्याची सवय कोहलींना लागली. विजेच्या नियोजनासाठी त्यांनी संगणक वापरला.

१९६९ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची (टीसीएस) धुरा त्यांच्याकडे आली. तेव्हा देशात संगणक मोजकेच होते आणि आयातीवर कडक निर्बंध होते. तरीही त्यांनी माणसे घडवली, परदेशी कामे मिळवली आणि १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था उभी केली. १९९६ मध्ये एस. रामदोराई यांच्याकडे टीसीएसची सूत्रे सोपवून त्यांनी संगणकाद्वारे प्रौढ साक्षरतेचे काम हाती घेतले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचेही ते अध्यक्ष होते. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

तळेगावातून रोज हिंजवडीचे आयटी पार्क गाठणाऱ्या तरुणांनी त्यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे : आधी विषयाचा पाया पक्का करावा, संशोधनाला वेळ द्यावा आणि आपल्यामागून येणाऱ्यांना वेळीच तयार करावे.