गाडी बंद, पंखा चालू: बोनेटखालच्या वाऱ्याचा इतिहास

आजचा भाग एका आवाजावर आहे. मे महिना, दुपारचे तीन. लातूरहून निघून चाकूर, अहमदपूर, लोहा करत तुम्ही नांदेडला पोचलात. गाडी लावली, चावी काढली, तरी बोनेटखाली घूंऽऽऽ चालूच. शेजारचे काका लगेच म्हणणार, "फॅन डायरेक्ट झालाय, वायर काढून टाक."

थांबा. वायर काढायच्या आधी हा पंखा तिथं आला कसा, ते ऐका.

सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होतं. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळात रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या जोरावरच फिरायचा. इंजिन फिरतंय तोवर पंखा, इंजिन थांबलं की पंखाही थांबला. पुढं स्वातंत्र्यानंतर आपल्याकडच्या सगळ्यात ओळखीच्या गाडीतही हेच होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची जुनी काळी-पिवळी हीच होती. तिचा पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर, फॅन बेल्टवर फिरणारा.

आता यातली गोम बघा. चावी बंद केली की पेट्रोल जळणं थांबतं, पण लोखंडात मुरलेली उष्णता कुठं जाणार? पंप बंद, म्हणजे पाणी जागच्या जागी उभं. पंखा बंद, म्हणजे वाराही नाही. त्यामुळं इंजिन थांबल्यावर पहिली काही मिनिटं आतलं पाणी थंड होण्याऐवजी आणखी तापतं! चढ चढून आलेल्या गाडीचं पाणी उभ्या उभ्या उकळायचं ते यामुळं. जुने ड्रायव्हर म्हणूनच गाडी लावल्यावर दोन मिनिटं स्लोवर चालू ठेवायचे. त्यांना कुणी थर्मोडायनॅमिक्स शिकवलं नव्हतं. मी बीटेकला चार सेमिस्टर ऐकूनही ते इतकं थोडक्यात सांगू शकत नाही.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, चालना पुढच्या चाकांना. इंजिनाचं तोंड बाजूला आणि रेडिएटर समोर, मग बेल्टनं फिरणारा पंखा जाळीसमोर येणार कसा? उत्तर म्हणजे विजेची मोटर. जगभर छोट्या गाड्या याच वाटेनं गेल्या. आणि पंखा एकदा इंजिनापासून सुटला की त्याला इंजिनानंतरही चालता येतं. रेडिएटरवर एक थर्मोस्विच असतो. साधारण ९५ अंशांना तो जोडतो, पाच-सात अंश उतरला की तोडतो. आकडे गाडीगणिक वेगळे. काही गाड्यांत याची तार चावीतून जाते, काहींत थेट बॅटरीवरून. थेट असेल तर चावी काढल्यावरही पंखा आपलं काम पुरं करूनच थांबणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्राम बंद करताना शेवटची आवराआवर ठेवतो ना, तसंच.

म्हणजे ४२ अंशांच्या उन्हात पंखा दोन-चार मिनिटं फिरला तर तो बिघाड नाही. पण दहा-पंधरा मिनिटं झाली तरी थांबत नाही, किंवा सकाळी थंड गाडीतही फिरतोय, तर मात्र शोध घ्या.

पहिला संशय रिलेवर. आतले काँटॅक्ट चिकटले की पंखा बंदच होत नाही. फ्यूज बॉक्समधून फॅनचा रिले उपटा. पंखा थांबला, तर तशाच नंबरचा दुसरा रिले लावून बघा, हॉर्नचा बऱ्याचदा तोच असतो. नव्या रिलेवरही पंखा फिरतोच, तर दोष थर्मोस्विच किंवा सेन्सरकडं. कॉम्प्युटरवाल्या गाड्यांत सेन्सरची तार तुटली की अनेकदा कॉम्प्युटर मुद्दाम पंखा चालू ठेवतो: तापमान कळत नाही, मग गरमच धरा! मला हा नियम फार आवडतो. आणि रिले काढूनही पंखा फिरत असेल, तर आधी कुणीतरी खरंच 'डायरेक्ट' करून ठेवलेला असतो.

आता आपल्या भागाचं खास कारण, ते म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अशा गावात रेडिएटरला कूलंट कोण घालतो? बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार बारीक नळ्यांत थर धरतात. तुमच्या घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरं साचतं, तेच. नळ्या चोंदल्या की उष्णता निघत नाही, आणि बिचारा पंखा जास्त वेळ पळतो. इथं रिले बदलून काही होत नाही, रेडिएटर साफ करून कूलंटच भरावं लागतं. त्यात मिसळायचं पाणी डिस्टिल्ड.

काकांचा उपाय मात्र महागात जातो. वायर काढली आणि ती तशीच राहिली, तर पुढच्या जाममध्ये हेड गॅस्केट जाईल. उलट, रात्रभर पंखा फिरू दिला तर दहा अँपिअर ओढणारा पंखा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत झोपवतो. म्हणून रात्रीपुरता रिले उपटून डॅशबोर्डवर, डोळ्यांसमोर ठेवा, सकाळी आठवणीनं परत लावा आणि मेकॅनिककडं जा. तपासताना रेडिएटरची टोपी गरम असताना उघडू नका, आत कुकरसारखा दाब असतो. आणि पंख्याच्या पात्यांजवळ बोटं नेऊ नका, तो न सांगता सुरू होतो.

पुढच्या भागात थर्मोस्टॅट. "आपल्याकडं कुठं थंडी हाय, काढून टाका" म्हणत किती गाड्यांतून तो काढला गेलाय, त्याची गोष्ट.