रस्ता आधी की घर आधी? आमच्या सुरतेची गोष्ट

मंडळी, रिंग रोडवर सहारा दरवाजापाशी टेम्पोंच्या गर्दीत अडकलात की चिडायच्या आधी एक आठवा. या रस्त्याशी आपलं जुनं नातं आहे. 1664 आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वाऱ्या केल्या. त्यानंतर शहराभोवती विटांचा पक्का कोट आला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याबाहेर दुसरा, आलमपनाह. कोट गेला, दरवाजांची नावं राहिली. साधारण त्याच रेषेवर आजचा रिंग रोड आहे.

पुढे या रस्त्याच्या कडेला कापड मार्केटं उभी राहिली. लूम्स उधना-लिंबायतकडे, डाइंग मिल पांडेसऱ्यात. म्हणजे लूमवरचा ताका मार्केटात, तिथून मिलमध्ये रंगायला, परत मार्केटात, मग लेस-टिकली लावायला आपल्याच बायांच्या घरी, आणि पुन्हा मार्केटात! कुणी नेसायच्या आधीच साडी निम्मं शहर फिरून येते. त्यात 1991 ला शहराची वस्ती 15 लाख होती, ती 2011 ला 44 लाखांवर गेली. मग गर्दी होणार नाही तर काय?

आमचे अण्णा 1978 साली अमळनेरहून ताप्ती लाइनीच्या गाडीने उधन्याला उतरले. लूमवर राबून लिंबायतला प्लॉट घेतला. शेताचे तुकडे पाडून विकलेली जागा, गल्ली सायकल जाईल एवढी. तेव्हा दारात सायकलच होती, कुणाला काही खटकलं नाही.

नदीपलीकडे अडाजण-पालला गेलं की रस्ते रुंद दिसतात. ती टी.पी. स्कीमची करामत. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-शाळा-बागांसाठी प्रत्येकाचा वाटा काढायचा आणि उरलेली जमीन आखीव प्लॉट करून मालकाला परत द्यायची. ही पद्धत 1915 च्या मुंबई कायद्यापासूनची. तिथे घराआधी रस्ता आखला गेला. आमच्याकडे आधी घरं झाली, रस्ता राहूनच गेला.

त्याची किंमत एका रात्री कळली. अण्णांच्या छातीत कळ आली. रिक्षा गल्लीत शिरेना. चार पोरांनी खाटेवर घालून त्यांना नाक्यापर्यंत नेलं. देवाच्या कृपेने वाचले.

काही वर्षांनी गल्ली रुंद करायचं ठरलं, तेव्हा घरोघरी भांडणं. कुणाचा ओटा जाणार, कुणाची पायरी. आईने त्याच ओट्यावर वीस वर्षं पापड वाळवले होते, ती रडली. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी पहार घेतली आणि स्वतःच ओटा फोडायला लागले. म्हणाले, "आपण जागा घेतली तेव्हा रस्ता सोडला नाही. आता सोडू."

दुपारपर्यंत शेजारच्या दोन घरांनी पहारी काढल्या होत्या.

तुमच्या गल्लीत कुणी ओटा सोडला होता का? त्यांची आठवण खाली नक्की लिहा.