साडेतीन डॉलरची बंदूक

पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू घ्यावयाची, तर पहिली किंमत ऐकून पुढे चालू लागावे आणि मागून हाक आली म्हणजे परत फिरून ती उलटसुलट पाहावी, हा सर्वांच्या परिचयाचा परिपाठ आहे. सुशिक्षितांस ही घासाघीस हलकी वाटते. घरापासून दूर, सरकारी फायलींच्या सहवासात वर्षे काढल्यावर आम्हांस मात्र तिचे मोल कळू लागले आहे. ग्राहक खुद्द सरकार आणि माल जुन्या बंदुका असल्या म्हणजे घासाघीस न केल्याने काय होते, हे अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका प्रकरणावरून दिसते.

युद्धास एप्रिल १८६१ मध्ये तोंड लागले. त्या वेळी न्यूयॉर्क बंदरातील शस्त्रागारात हॉल यांच्या पद्धतीच्या सुमारे पाच हजार कार्बाइन बंदुका पडून होत्या. त्या मागून भरावयाच्या होत्या. परंतु नळीस आतून आटे नव्हते आणि सांध्यातून बाराचा वायू निसटे. आयुधखात्याचे प्रमुख रिप्ले यांनी त्या कालबाह्य मानल्या व युद्ध चालू असतानाच, जून महिन्यात, आर्थर ईस्टमन नामक गृहस्थास नगास साडेतीन डॉलर दराने देऊ केल्या. ईस्टमन यांच्यापाशी रोकड नव्हती. माल सरकारच्याच ताब्यात राहिला.

२१ जुलै रोजी बुल रनच्या लढाईत केंद्र सरकारच्या सैन्याचा पराभव झाला आणि शस्त्रांसाठी सर्वत्र धावाधाव सुरू झाली. सायमन स्टीव्हन्स यांनी ईस्टमनकडून त्या बंदुका साडेबारा डॉलर दराने घेण्याचे ठरविले, आणि ५ ऑगस्ट रोजी सेंट लुइस येथील सेनापती फ्रेमाँट यांस तार केली: आटे पाडलेल्या नव्या कार्बाइन, दर बावीस डॉलर. दुसऱ्याच दिवशी होकार आला. मग स्टीव्हन्स यांनी जे. पी. मॉर्गन या चोवीस वर्षांच्या पेढीवाल्याकडून २०,००० डॉलर कर्ज काढले. त्यांतूनच ४,९९६ बंदुकांचे १७,४८६ डॉलर सरकारी तिजोरीत भरण्यात आले. आटे पाडण्यास नगामागे पाऊण डॉलर लागणार होता.

म्हणजे फ्रेमाँट यांनी होकार दिला त्या क्षणी बंदुका सरकारच्याच शस्त्रागारात होत्या व त्यांचे पैसेही सरकारास मिळालेले नव्हते! विकणारे सरकार, घेणारेही सरकार; मधल्या मध्ये दर सहापटींहून वर गेला. ‘माल आहे कोठे, आणि पूर्वी कोणाचा होता?’ हा जुन्या बाजारातील साधा प्रश्न कोणी विचारला नाही.

फ्रेमाँट यांस दोष देणे सोपे आहे. परंतु शस्त्रांवाचून खोळंबलेले शिपाई त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि बंदुका काही फुटक्या नव्हत्या. त्या झाडताना शिपायांचे अंगठे उडाले, ही मागाहून पसरलेली कथा निराधार आहे. काँग्रेसच्या चौकशी समितीने व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. पुढे नेमलेल्या आयोगाने देणे रकमेस कात्री लावली. स्टीव्हन्स यांनी दावा लावला, आणि १८६७ मध्ये न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सेनापतीने दिलेला शब्द सरकारास बांधून होता.

आम्हांस या प्रकरणातील खरा दोष दोन दप्तरांच्या मधल्या रिकाम्या जागेत दिसतो. ज्याने माल निकामी ठरविला, त्याने तो दुसऱ्या कोणास हवा आहे काय हे पाहिले नाही. ज्यास तो हवा होता, त्याने आपल्याच घरात शोधला नाही. आपणांपैकी अनेकांच्या मेजावर निकामी सामानाच्या याद्या येतात. टेबले, पंखे, टंकलेखनयंत्रे, बंदुका क्वचितच. त्यांवर सही करण्यापूर्वी शेजारच्या खात्यास एक चिठ्ठी लिहिण्याचा आम्हांस बहुधा कंटाळा येतो. रिप्ले यांसही तो आला असावा. साडेतीन आणि बावीस यांतील अंतर त्या न लिहिलेल्या चिठ्ठीचे आहे.