परकीय भांडवल, लोहमार्ग आणि प्रादेशिक विकास : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा महाराष्ट्रावरील परिणाम (१८४९-१९२५)

प्रस्तावना

पायाभूत सुविधांमधील परकीय गुंतवणूक हा विषय १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर विशेष चर्चेत आला. तथापि, परकीय भांडवल आणि पायाभूत सुविधा यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली प्रवासी रेल्वे धावली, ती लंडनमध्ये उभारलेल्या भांडवलावर. प्रस्तुत निबंधात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जी.आय.पी.) कंपनीच्या गुंतवणुकीचे स्वरूप, तिने निवडलेले मार्ग आणि त्यांतून निर्माण झालेला प्रादेशिक असमतोल यांचा विचार केला आहे. भांडवल कोणत्या देशातून आले यापेक्षा त्याची जोखीम कोणी स्वीकारली आणि मार्ग कोणाच्या गरजेनुसार आखले गेले, हे प्रश्न विकासाच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतात, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

हमी पद्धती

रेल्वेच्या कल्पनेला मुंबईत जगन्नाथ शंकरशेठ, जमशेटजी जीजीभाई यांसारख्या धुरिणांचा पाठिंबा होता. मात्र भांडवलाची मुख्य उभारणी इंग्लंडमध्येच झाली. १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने जी.आय.पी. कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. या करारान्वये भागधारकांना गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. ९९ वर्षांसाठी जमीन विनामूल्य देण्यात आली. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेरीस येथील रयतेच्या करातून, भरून निघणार होती.

या व्यवस्थेत गुंतवणूकदाराला नफ्याची आशा होती, परंतु तोट्याचे भय नव्हते. खर्च वाढला तरी व्याज सुरक्षित राहत असल्यामुळे काटकसरीची प्रेरणा क्षीण झाली. शिवाय व्याज लंडनमध्ये पौंडांत द्यावे लागे. १८७० च्या दशकापासून चांदीच्या घसरणीबरोबर रुपयाचे मूल्य कमी होत गेले, तसा या देण्याचा रुपयांतील बोजा वाढत गेला. दादाभाई नौरोजी यांनी मांडलेल्या आर्थिक निःसारणाच्या सिद्धान्तात या देण्यांनाही स्थान आहे. सार्वजनिक सभेच्या वर्तुळातील गणेश व्यंकटेश जोशी यांनीही रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली. रूळ, इंजिने व यंत्रसामग्री मोठ्या प्रमाणात ब्रिटनमधूनच येत असल्याने बांधकामामुळे वाढलेल्या मागणीचा औद्योगिक लाभही बव्हंशी तिकडेच गेला.

मार्गांची निवड आणि कापसाचे राजकारण

लोहमार्गांची दिशा बंदराने आणि कापसाने ठरवली. अमेरिकेच्या कापसावरील अवलंबित्व कमी करावे, असा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिश प्रशासनाखाली आले आणि त्याच वर्षी रेल्वेही सुरू झाली. हे दोन्ही प्रवाह पुढे एकत्र आले. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडले. बोरघाटाच्या चढणीवर २५ बोगदे खोदावे लागले. या कामावर हजारो मजूर राबले व साथीच्या रोगांनी त्यांपैकी असंख्य दगावले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली.

येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. त्या तेजीत वऱ्हाडच्या कापसाला जो भाव मिळाला, त्या वेळी रेल्वे तेथवर पूर्णपणे पोहोचलेली नव्हती. रेल्वे आली तेव्हा तेजी ओसरली होती. शेतकऱ्याच्या वाट्याला जागतिक बाजाराशी कायमचे जोडले जाणे आले, परंतु तेजीचे भाव आले नाहीत. कापसाचे क्षेत्र वाढत गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात समृद्ध समजल्या जाणाऱ्या वऱ्हाडालाही तीव्र झळ बसली. रेल्वेने धान्य आणता येत होते, परंतु ते विकत घेण्याची क्रयशक्ती आणता येत नव्हती.

प्रादेशिक परिणाम

रेल्वेचे परिणाम एकसुरी नव्हते. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड ही गावे रेल्वेमुळे वाढली. खामगाव व अमरावती या कापूसपेठांना १८७० च्या सुमारास शाखामार्ग मिळाले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कच्चा माल जवळ आणि रेल्वेची सोय, ही या निवडीमागील महत्त्वाची कारणे होती. सोलापूरच्या गिरणी उद्योगालाही रेल्वेचा आधार मिळाला. हे लाभ नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसऱ्या बाजूला, वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून मिर्झापूरपर्यंत नेणाऱ्या बंजारा समाजाचा व्यवसाय मोडला. घाटावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागल्याने पनवेलसारख्या बंदरांचे महत्त्व घटले. कोकणातून घाटाकडे रेल्वे गेली, पण कोकणच्या लांबीतून गेली नाही. कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. मराठवाड्यात निजामाच्या हमीवरील कंपनीने मनमाड-हैदराबाद मार्ग मीटर गेजवर बांधला. त्यामुळे मनमाडला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. मराठवाड्यातील या मार्गाच्या रुंदीकरणासाठी १९९० च्या दशकाची वाट पाहावी लागली. मुंबई-पुणे-नाशिक पट्टा आणि उर्वरित महाराष्ट्र यांतील दरीची सर्व कारणे रेल्वेत शोधता येणार नाहीत, परंतु तिची एक आखणी या लोहमार्गांनी केली, असे म्हणता येते.

१९०० मध्ये सरकारने जी.आय.पी. रेल्वे विकत घेतली, तरी व्यवस्थापन १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिले. म्हणजे मालकी बदलल्यानंतरही पाव शतक व्यवस्थापनाची सूत्रे कंपनीच्या हाती होती.

समकालीन संदर्भ

दाभोळ वीज प्रकल्पाचा अनुभव या पार्श्वभूमीवर तपासण्याजोगा आहे. १९९३ च्या वीज खरेदी करारात देण्याचा भाग डॉलरशी निगडित होता. राज्य सरकारची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी होती. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, परंतु महागड्या विजेच्या वादातून २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. काळ, राज्यसत्ता आणि तंत्रज्ञान सर्वस्वी भिन्न असूनही एक साम्य ठळक दिसते. दोन्ही ठिकाणी परकीय चलनातील परतावा सार्वजनिक तिजोरीने सुरक्षित केला होता. भेद असा की, १८४९ चा करार करणारे सरकार येथील जनतेला उत्तरदायी नव्हते. १९९३ च्या करारावर मात्र निवडणुकीत, न्यायालयात आणि चौकशी समितीसमोर प्रश्न विचारले गेले.

निष्कर्ष

१. जी.आय.पी. रेल्वेने महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकणारी पायाभूत सुविधा उभी केली, परंतु हमी पद्धतीमुळे जोखीम करदात्यावर आणि निश्चित परतावा भागधारकाकडे अशी विषम विभागणी झाली.

२. मार्ग निर्यातकेंद्री असल्याने कापूसपट्टा व मुंबई यांना प्राधान्य मिळाले. कोकण व मराठवाडा मागे पडले.

३. ज्या ठिकाणी स्थानिक भांडवल व उद्योजकता रेल्वेच्या सोयीला जोडली गेली, त्या ठिकाणीच, उदा. नागपूर व सोलापूर येथे, वाहतुकीचे रूपांतर औद्योगिक विकासात झाले.

परकीय गुंतवणुकीचे मूल्यमापन करताना केवळ आलेल्या भांडवलाचा आकडा पाहणे पुरेसे नाही. करारातील जोखमीचे कलम आणि नकाशावरील मार्गाची रेषा, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने वाचल्या पाहिजेत. त्यांचे परिणाम करार संपल्यावरही पिढ्यान् पिढ्या टिकतात.