घिसाडी लोहकाम

घिसाडी ही गावोगाव फिरून लोखंडी अवजारे घडविणारी व दुरुस्त करणारी महाराष्ट्रातील एक भटकी जमात असून राज्य शासनाच्या सूचीत तिचा समावेश भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होतो. बारा बलुतेदारांतील लोहार गावातच राहून बलुते घेई. घिसाडी बलुतेदार नव्हे. तो गावकुसाबाहेर पाल ठोकतो, रोख पैशावर किंवा धान्यावर काम करतो आणि काम सरले की पुढील गाव गाठतो. आपले पूर्वज गुजरात-राजस्थानाकडून आले असे जमातीत सांगितले जाते. घरच्या बोलीतील गुजराती वळण याला पुष्टी देते.

घडणीची पद्धत

जमिनीत खणलेली लहान भट्टी, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी आणि कानस एवढाच सरंजाम असतो. भट्टी फुलविण्यास पूर्वी चामड्याचा भाता असे. आता बहुधा हाताने फिरवायचा पंखा असतो. लोखंड म्हणून मोडीत निघालेल्या मालमोटारींच्या कमानीचे पाटे पसंत केले जातात, कारण त्या पोलादात कर्बाचे प्रमाण पुरेसे असल्याने धार टिकते. पुरुष सांडशीने तापलेला तुकडा ऐरणीवर धरतो व हातोडीच्या टोल्याने जागा दाखवितो. त्याच जागी स्त्री घण घालते. या व्यवसायाला पुरुषांचा व्यवसाय म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते.

घडण झाल्यावर धारेला ‘पाणी’ दिले जाते. पाते लालबुंद तापवून पाण्यात बुडविले की ते कठीण, पण ठिसूळ होते. मग पुन्हा हलकेच तापवून पृष्ठभागावर चढणारा पिवळा, तांबूस, निळा रंग पाहत योग्य क्षणी ते थंड करतात. हा क्षण ओळखण्यास यंत्र नसते, केवळ नजर असते. पाणी कमी पडले तर धार वळते, अधिक झाले तर पाते दगडावर आपटताच उडते.

अवजाराचे रूप प्रदेशागणिक बदलते. कोकणात, पेण-रोह्याकडील भातशेतीत, राबासाठी टहाळ तोडण्यास कोयता व कापणीस विळा लागतो. देशावरचा ऊसतोडणीचा कोयता निराळा. तेथे तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात.

शस्त्रे आणि कायदा

शस्त्रांना धार व झिलई देण्याचे काम शिकलगार ही याच प्रवर्गातील दुसरी जमात करीत असे. मराठ्यांच्या तलवारींची अनेक उत्तम पाती युरोपातून येत. ‘फिरंग’ हे नावच त्याची साक्ष देते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले व या कारागिरांची उरलीसुरली मागणीही आटली. १९५९ च्या कायद्याखालील नियमांत तलवार आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्र ठरते. घरगुती व शेतीची अवजारे मात्र त्यातून वगळली आहेत. पोलाद तेच, पाणीही तेच. भेद केवळ हेतूचा.

जपानमध्येही १८७६ साली सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तलवारी घडविणेच थांबले. तेथे मात्र १९५३ पासून परवानाधारक कारागिरांना मुभा मिळाली, १९५५ मध्ये ताकाहाशी सादात्सुगु या तलवार-कारागिराला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान लाभला आणि १९७७ मध्ये शिमाने प्रांतात पारंपरिक पोलादाची भट्टी पुन्हा पेटली.

सद्यःस्थिती

कारखान्यातील स्वस्त अवजारे व यांत्रिक शेती यांमुळे काम घटले आहे. अनेक कुटुंबे शहरांच्या कडेला स्थिरावली असून भंगार व वेल्डिंगच्या कामाकडे वळली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे घर बैलगाडीवर होते, त्यांना तो सहजासहजी मिळत नाही; दाखल्याअभावी शिष्यवृत्ती व आरक्षण या दोन्हींपासून मुले वंचित राहतात. भटक्या-विमुक्तांच्या अशाच प्रश्नांचा विचार बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने केला असून त्याचा अहवाल २००८ मध्ये सादर झाला.