भीतीचा खेळ आणि त्याचे राखणदार

जत्रेंतील पाळणा वर जाऊन खालीं येऊं लागला म्हणजे त्यांत बसलेलीं मुलें किंकाळ्या फोडतात, आणि खालीं उभी असलेली आई त्या किंकाळ्या ऐकून हंसते. एरवीं मुलाच्या एका ओरडण्यासरशीं हातचें काम टाकून धांवणारी हीच माउली येथें इतकी स्वस्थ कशी, असा प्रश्न आमच्या मनांत पुष्कळदां आलेला आहे. पाळणेवाल्याला ती ओळखत नाहीं. पाळण्याचा आंस कोणीं घडविला, त्याचे बोल्ट सकाळीं कोणीं आवळले, हेंहि तिला ठाऊक नसतें. तरी आपलें लेंकरूं ती त्या अनोळखी माणसांच्या हवालीं करते. भीति खरी वाटावी, पण धोका खरा नसावा, असा हा एक न लिहिलेला करार आहे. तो पाळला जावा म्हणून गेल्या दोनशें वर्षांत यंत्रज्ञांनीं काय काय केलें, आणि तो मोडला तेव्हां कोठें मोडला, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. इंग्रजींत जिला रोलर कोस्टर म्हणतात तिला सोयीसाठीं आम्ही येथें घसरगाडी म्हणूं.

या गाडीचें मूळ रशियांत सांपडतें. तेथील लोक सतराव्या व अठराव्या शतकांत हिंवाळ्याच्या दिवसांत उंच लांकडी मनोरे उभारीत व त्यांच्या उतारावर पाणी ओतीत. पाण्याचें बर्फ झालें कीं त्यावरून लहानथोर सर्व जण घसरत. कॅथेराईन राणीनें ओरानियेनबाउम येथील आपल्या राजवाड्याच्या आवारांत उन्हाळ्यांतहि ही मौज मिळावी म्हणून चाकांच्या गाड्यांची सोय करविली. पुढें १८१७ सालीं हा खेळ पॅरिसला पोंचला. तेथील गाड्यांचे आंस मार्गाच्या कडेच्या खांचेंत अडकविलेले असत, म्हणजे गाडी कितीहि उसळली तरी मार्ग सोडूं शकत नसे. गंमत अशी कीं, फ्रेंच लोक या खेळाला अद्याप 'रशियन डोंगर' म्हणतात, तर खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेंकड्या' म्हणतात!

अमेरिकेंत ही गाडी कोळशाच्या खाणींतून आली. पेनसिल्व्हेनियांतील मॉक चंक या डोंगराळ गांवीं १८२७ सालीं सुमारें नऊ मैलांचा उतरता लोहमार्ग घातला गेला. कोळशानें भरलेले डबे उतारावरून आपल्याच वजनानें खालीं जात. रिकामे डबे वर ओढून नेण्यासाठीं खेंचरें ठेविलेलीं होतीं, व त्या खेंचरांनाहि खालीं येतांना डब्यांत बसवून आणीत. पुढें माणसेंहि हौसेनें त्या मार्गानें प्रवास करूं लागलीं. या जातीचीच करमणूक शहरवासीयांना करून द्यावी म्हणून लामार्कस थॉम्प्सन या गृहस्थानें १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथें एक घसरगाडी सुरू केली. भाडें पांच सेंट आणि वेग ताशीं सुमारें सहा मैल. सायकलवाल्यानें सहज मागें टाकावी इतकी ती सुस्त होती, आणि तिची सुरक्षितता या सुस्तपणांतच होती. वेग वाढविण्याची चढाओढ लागतांच ती सुरक्षितता दुसरीकडे शोधणें भाग पडलें.

ती किती दूर शोधावी लागली याचा धडा कोनी आयलंडवरच मिळाला. १८९५ सालीं तेथें 'फ्लिप फ्लॅप' नांवाची गाडी सुरू झाली. ती सुमारें पंचवीस फूट व्यासाच्या उभ्या वर्तुळांतून माणसाला उलटें फिरवून आणी. वर्तुळ हा मोठा सुबक आकार खरा, पण माणसाच्या मानेला तो मानवत नाहीं. माथ्यावर गाडी जेमतेम मार्गाला चिकटून राहील एवढाच वेग ठेविला, तरी वर्तुळाच्या तळाशीं प्रवाशाला आपलें वजन सहापट झाल्यासारखें भासतें, हें पदार्थविज्ञानाचा कोणीहि विद्यार्थी गणित करून दाखवील. शिवाय सरळ रेषेंतून वर्तुळांत शिरतांना हा भार हळूहळू वाढत नाहीं, एकदम आदळतो. लोकांच्या माना अवघडूं लागल्या व ती गाडी फार दिवस टिकली नाहीं. १९०१ मध्यें एडविन प्रेस्कॉट यानें वर्तुळाऐवजीं लंबवर्तुळाचा मार्ग केला. तो पुष्कळ सौम्य होता, परंतु लोकांची हिंमत खचली होती. गाडींत बसणाऱ्यांपेक्षां बाहेर उभे राहून पाहणारेच अधिक जमत. एकदां गेलेला विश्वास नुसत्या सुधारलेल्या आकृतीनें परत येत नाहीं!

विश्वास कसा मिळवावा याचा निराळा धडा १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत दिसून आला होता. जॉर्ज फेरिस यानें तेथें २६४ फूट उंचीचें फिरतें चक्र उभें केलें. त्याला ३६ डबे होते व प्रत्येकांत ६० माणसें मावत, म्हणजे एका वेळीं २१६० जीव आकाशांत टांगलेले! हा फेरिस धंद्यानें पुलांचें व रेल्वेचें पोलाद तपासून देणारा इंजिनियर होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. चक्र थांबविण्यासाठीं त्यानें वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक बसविला. या वेस्टिंगहाउसनें १८७२ सालीं आगगाडीसाठीं जो स्वयंचलित ब्रेक सिद्ध केला, त्याचें मर्म मोठें विचार करण्याजोगें आहे. नळींतील हवेचा दाब कायम आहे तोंवर ब्रेक सुटे राहतात. नळी फुटली किंवा डबे तुटले, कीं दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड कधींच होणार नाहीं असें वचन कोणतेंहि यंत्र देऊं शकत नाहीं. परंतु बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूनें व्हावा, एवढी तजवीज माणसाला करतां येते. आमच्या मतें सुरक्षिततेच्या साऱ्या शास्त्राचें सार या एका वाक्यांत आहे.

घसरगाडींत हें तत्त्व आणणारा माणूस म्हणजे जॉन मिलर. १८७२ सालीं जन्मलेला हा यंत्रज्ञ विशीच्या आंतच थॉम्प्सनच्या पदरीं मुख्य इंजिनियर झाला. साखळीनें ओढली जाणारी गाडी चढावर असतांना साखळी तुटली तर काय, या प्रश्नाचें उत्तर त्यानें १९१० च्या सुमारास दिलें. मार्गाच्या मध्यें एक दांतेरी पट्टी आणि गाडीच्या पोटाशीं एक लोखंडी जीभ! गाडी वर जातांना ती जीभ एकेका दांत्यावरून उडी मारते, आणि गाडी मागें सरूं लागली कीं दांत्यांत रुतून बसते. चढावर ऐकूं येणारा तो टक् टक् आवाज या जिभेचा होय. प्रवाशांच्या छातींत त्या आवाजानें धडकी भरते, पण खरें पाहतां तो त्यांच्या राखणदाराच्या पावलांचा आवाज आहे. त्याच मिलरनें १९१९ मध्यें रुळाखालून लागणाऱ्या चाकांचें पेटंट घेतलें. रुळावर एक चाक, बाजूला एक आणि खालीं एक, अशा तिहेरी मिठींत रूळ सांपडला म्हणजे गाडी टेंकडीच्या माथ्यावर उसळूनहि सुटूं शकत नाहीं. पॅरिसच्या खांचेचेंच हें सुधारलेलें रूप म्हणावयाचें. पुढील दशकांतील उंच व वेगवान गाड्या या चाकांमुळेंच शक्य झाल्या.

उरलेलीं बहुतेक साधनें आगगाडीच्याच घराण्यांतलीं आहेत. मार्गाचे टप्पे पाडावे व एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी सोडावी, पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागच्या गाडीला ब्रेकांनीं धरून ठेवावें, ही रेल्वेची ब्लॉक पद्धति. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें १९५९ सालीं पोलादी नळ्यांच्या मार्गाची जी मॅटरहॉर्न गाडी सुरू झाली, तिच्यांत एकाच मार्गावर अनेक गाड्या सोडण्यासाठीं हीच पद्धति वापरली गेली. वर्तुळाचें कोडेंहि असेंच सुटलें. जर्मन इंजिनियर व्हेर्नर श्टेंगेल व कारखानदार आंतोन श्वार्त्सकोफ यांनीं १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील मॅजिक माउंटन येथें उलटें फिरविणारी गाडी उभारली. तिचा फेरा वर्तुळाचा नव्हता. ज्याची वक्रता शून्यापासून क्रमाक्रमानें वाढत जाते असा तो वक्र होता. त्याचें गणित अठराव्या शतकांत ऑयलरनें मांडलेलें होतें, व याच जातीचा वक्र रेल्वेचे इंजिनियर वळणाच्या तोंडाशीं वापरीत आलेले होते. आतां कित्येक गाड्यांना कायम चुंबकांचे ब्रेक असतात. त्यांना वीज लागत नाहीं, त्यामुळें वीज गेली तरी ते आपलें काम सोडीत नाहींत.

इतकें सारें झाल्यावरहि करार मोडला गेला आहे. लंडनच्या बॅटरसी उद्यानांत ३० मे १९७२ रोजीं एक लांकडी घसरगाडी चढावर असतांना ओढणाऱ्या दोरापासून सुटली. तिला मागें घसरूं न देणारी योजना होती, पण ऐन वेळीं ती निकामी ठरली. गाडी मागें धांवत जाऊन कोसळली व पांच मुलें प्राणास मुकलीं. खालीं उभ्या असलेल्यांना त्या दिवशीं मौजेची किंकाळी कोणती व प्राणांतिक किंकाळी कोणती हें प्रथम कळलें तरी असेल काय, या विचारानें आमचें मन सुन्न होतें. मिलरनें दिलेलें उत्तर साठ वर्षें जुनें होतें. परंतु उत्तर ग्रंथांत असणें निराळें, आणि तें रोज सकाळीं तपासून, तेल घालून, झिजलें असेल तेथें बदलून जागतें ठेवणें निराळें.

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. इंग्लंडांतील ऑल्टन टॉवर्स येथें २ जून २०१५ रोजीं चांचणीसाठीं सोडलेली एक रिकामी गाडी मार्गांतच अडकून राहिली. टप्प्यांची पद्धति जागी होती. तिनें मागून आलेल्या, सोळा माणसांच्या गाडीला थांबवून धरलें. यंत्रानें आपलें कर्तव्य चोख बजावलें. परंतु पुढें गाडी अडकली आहे हें तेथील कर्मचाऱ्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. यंत्रच चुकत आहे असें समजून त्यांनीं त्याचा अडसर दूर केला व गाडी पुढें सोडली. टक्कर झाली, प्रवासी जखमी झाले आणि दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. चालक कंपनीला पुढच्या वर्षीं न्यायालयानें पन्नास लक्ष पौंडांचा दंड केला. न्यायालयाचा रोख एकट्यादुकट्या कामगारावर नव्हता. त्या कामगारांना घालून दिलेल्या पद्धतींतच उणीव होती. थांबलेलें यंत्र कोणीं, केव्हां व काय पाहून पुन्हां चालूं करावें याचा कडक नियम नसेल, तर शहाण्यांत शहाणें यंत्रहि पांगळें होतें.

आमच्याकडेहि हा प्रश्न आतां दूरचा राहिलेला नाहीं. मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं व घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीजवळ २०१३ सालीं मोठालीं क्रीडोद्यानें उभीं राहिलीं. भारतीय मानक संस्थेनेंहि अशा यंत्रांसाठीं मानकें केलेलीं आहेत. आणि गांवोगांवच्या जत्रांतून आज येथें तर चार दिवसांनीं तेथें उभारले जाणारे पाळणे आहेतच. जें यंत्र वारंवार उलगडून पुन्हां जोडावें लागतें, त्याची तपासणीहि तितक्याच वेळां नव्यानें व्हावयास पाहिजे, हें सांगावयास पदवीची गरज नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हां प्रेक्षकांच्याहि हातीं आहे. गाडी मध्येंच थांबली, 'आज बंद' अशी पाटी लागली, कीं रांगेंतील आपणच मंडळी कुरकुर करूं लागतों. तिकिटाचे पैसे भरले आहेत, मुलें हट्टाला पेटलीं आहेत, ऊन लागत आहे! त्या कुरकुरीचें दडपण अखेर कळ दाबणाऱ्या माणसाच्या बोटावर येऊन पडतें. म्हणून गाडी थांबली असतां तिचे राखणदार जागे आहेत असें समजावें, मुलांना शेजारच्या झाडाखालीं न्यावें, आणि तीं चाकें रुळाखालून कशीं धरून असतात तें त्यांना दाखवावें. पाळण्याखालीं उभी राहून हंसणाऱ्या त्या माउलीच्या विश्वासाला पात्र राहण्याचें काम जितकें यंत्रज्ञाचें, तितकेंच थोडेंसें आपलेंहि आहे.