दीक्षाभूमीवरचा स्टॉल आणि खिशातला मोबाईल

अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कात आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला पुस्तकांचे, मूर्तींचे, कॅलेंडरचे, झेंडे-बिल्ल्यांचे स्टॉल लागतात. अनेक स्टॉलवाल्यांचे वर्षाचे गणित या मोजक्या दिवसांवर बसलेले असते. ग्राहक गोंदियाहून येतो, बेळगावहून येतो, दोन पुस्तके घेतो आणि गर्दीत निघून जातो. त्याचे नाव आपल्याला माहीत नसते आणि आपला नंबर त्याच्याकडे नसतो. पुढच्या वर्षी तो आला तरी आपल्याच स्टॉलवर येईल याची खात्री नाही.

व्यापार ओळखीवर चालतो, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचायची गरज नाही, कोणत्याही घाऊक बाजारात अर्धा तास उभे राहिले की दिसते. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या दुकान आहे त्यांना उधारीवर माल मिळतो, भाव आधी कळतो, अडचणीला नातेवाईक धावतात. आपल्याकडे बहुतेकांची धंद्यातली ही पहिली पिढी. मोबाईल ॲप ही ओळख आयती मिळवून देत नाही. पण ग्राहकांची यादी आणि पैशांची नोंद या दोन गोष्टी ते जमवून देते, आणि पहिल्या पिढीकडे नेमक्या त्याच नसतात.

तरुण कार्यकर्ते भेटले की एक कल्पना हमखास निघते : आपण आपले स्वतःचे ॲप काढू. माझे मत स्पष्ट आहे, सुरुवात तिथून करू नये. वर्षातून दोनदा ज्या दुकानात जायचे त्यासाठी कोणी वेगळे ॲप डाऊनलोड करून ठेवत नाही. गुगल प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. पण खरा खर्च बनवून घेण्याचा आणि नंतर चालू ठेवण्याचा. समाजाच्या नावाने वर्गणी काढून ॲप सुरू करायचे आणि वर्षभरात ते बंद पाडायचे, यात लोकांचा विश्वासही जातो. ग्राहकाच्या फोनमध्ये जे आधीच आहे तेच वापरावे.

२०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे त्यातले पहिले. ते मोफत आहे. धंद्यासाठी वेगळे सिम घ्यावे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ, किंमत आणि दोन ओळी टाकता येतात. ग्राहकांना लेबल लावता येते : पुस्तके घेणारे, विहारासाठी मूर्ती मागणारे, जयंती मंडळवाले. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण तो संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. इथेच बहुतेकांची चूक होते. शेकडो नंबर गोळा करतात आणि कोणालाच काही मिळत नाही. म्हणून पुस्तक पिशवीत घालतानाच, 'दादा, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन पुस्तक आले की कळवतो', असे सांगून समोरच सेव्ह करून घ्यावा. पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्टीवर नंबर छापला तर तो घरापर्यंत जातो. न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये घालू नये. आणि धंद्याच्या नंबरवरून रोज सकाळी शुभेच्छांची चित्रे पाठवू नयेत. जयभीम कितीही मनापासून असला तरी रोजच्या फॉरवर्डला लोक ब्लॉक करतात.

गोंदियाच्या ग्राहकाने मार्चमध्ये ऑर्डर दिली, तर पुस्तक पाठवायचे कसे? टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे तिचे सुरुवातीचे दर ठरले, त्यावर कर वेगळा. पार्सल कुठे पोचले हेही तपासता येते.

पैसे घेण्यासाठी यूपीआय आहेच. ते २०१६ साली आले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला 'भीम' ॲप निघाले. त्याचे पूर्ण रूप 'भारत इंटरफेस फॉर मनी' असले तरी हे नाव बाबासाहेबांवरून दिल्याचे ॲपच्या उद्घाटनातच सांगितले गेले होते. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्यात विशेष वाटावे. १ जानेवारी २०२० पासून खात्यातून होणाऱ्या नेहमीच्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून टक्केवारी कापली जात नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितला तर ती फसवणूक समजावी. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा मानू नये, बँकेचा मेसेज पाहावा. लाखोंच्या गर्दीत नेटवर्क बसते, तेव्हा गल्ल्यात सुटे पैसे हवेतच.

धंद्याचे खाते वेगळे ठेवले तर या व्यवहारांची नोंद आपोआप तयार होते. बँक विचारते, महिन्याची विक्री किती? रोखीच्या स्टॉलवाल्याकडे कागदावर उत्तर नसते. खात्याचा उतारा आणि उद्यम नोंदणी (१ जुलै २०२० पासून ऑनलाईन, मोफत, एजंटला पैसे देऊ नका) हाताशी असली तर मुद्रा योजनेच्या शिशु गटातले ५० हजारांपर्यंतचे विनातारण कर्ज मागताना बोलायला आधार मिळतो.

२०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून काहींनी क्यूआर कोड काढून टाकले. त्याआधी नियम बघावा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. इतर मालासाठी महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र करपात्र माल, म्हणजे मूर्ती वगैरे, राज्याबाहेर पाठवायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. ऑनलाईन विक्री वाढली की पहिल्यांदा अडचण इथे येते.

'पाच मिनिटांत कर्ज' देणाऱ्या ॲपपासून मात्र लांब राहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, एकूण व्याज-खर्च आधी लेखी सांगायला हवा, आणि ॲपने फोनमधले संपर्क, फोटो उघडता कामा नयेत. हप्ता चुकल्यावर नातेवाईकांना शिवीगाळीचे फोन गेलेली घरे मी वस्तीत पाहिली आहेत. ॲपने संपर्क मागितले की तिथेच थांबावे.

स्टॉलवर अनेकदा बाईच दिवसभर उभी असते. माल ती आणते, भाव ती करते, पुस्तक कोणते चांगले हेही तीच सांगते. पण समोर टांगलेला क्यूआर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा असतो, सिमही त्याच्याच नावावर. महिलांच्या बचत गटांत काम करताना मी आधी हेच तपासते. तिच्या नावाचे खाते, त्याला जोडलेला तिचा नंबर, त्यावरचा क्यूआर. नाहीतर पाच वर्षे धंदा करून ती बँकेत जाते आणि तिचे पासबुक कोरे निघते.